वेबसाइट कोणत्या भाषेत लिहावी?

श्रोतेहो, ‘तुम्ही ही भाषा का निवडलीत?’ हा प्रश्न मला गेली तीस-पस्तीस वर्षं विचारला जातोय. मी मुसलमान. घरात कोकणी बोली, रस्त्यावर हिंदी, बुजुर्गांच्या बैठकीत उर्दू, आणि कविता मात्र मराठीत. कविसंमेलन संपलं की चहाच्या टेबलाशी कुणीतरी गाठतंच आणि विचारतं, उर्दूत का नाही लिहीत? त्याचं उत्तर मला आता तोंडपाठ झालंय. पण मध्यंतरी भाषेचाच एक प्रश्न असा समोर आला, की हे तोंडपाठ उत्तर तिथे काडीच्या उपयोगाचं नव्हतं. आमच्या शिक्षण निधीची वेबसाइट कोणत्या संगणकीय भाषेत लिहावी, म्हणजे ती सहजासहजी कुणाला फोडता येणार नाही?

माझं शिक्षण बी. ए.पर्यंतचं, तेही मराठी विषय घेऊन. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचं व्याख्यान नाही. तीन-चार महिने बैठकांना बसून, पुन्हा पुन्हा विचारून जे समजलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

निधी लहान आहे. अंधेरी पूर्वेला मरोळ, चकाला, कोंडिविटा, साकीनाका या भागांतल्या शाळकरी मुलांना फी आणि वह्या-पुस्तकांसाठी आम्ही मदत करतो. सगळ्या जातीधर्मांची मुलं आहेत. अर्जात मुलाचं नाव, इयत्ता, शाळा, आईचा मोबाइल, घरचं उत्पन्न, बँकेचा खातेक्रमांक असं सगळं असे. मी समितीत येण्याआधी एका कंत्राटदाराकडून थोडक्या पैशांत वेबसाइट करून घेतलेली होती. एका जून महिन्यात, ऐन अर्जांच्या दिवसांत, सकाळी पाहिलं तर पहिल्या पानावर जुगाराची जाहिरात झळकत होती. कंत्राटदारानं दुपारपर्यंत ती काढून टाकली आणि सगळं ठीक आहे म्हणून कळवलं.

पण ठीक नव्हतं. तीनेक आठवड्यांनी आयांना फोन येऊ लागले. ‘तुमच्या मुलीची मदत मंजूर झालीय, मोबाइलवर सहा आकडे आलेत ते सांगा.’ बोलणाऱ्याला मुलीचं नाव ठाऊक, इयत्ता ठाऊक, शाळा ठाऊक. मग कोण संशय घेईल? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी आकडे सांगितले आणि खात्यातले साडेअकरा हजार रुपये गेले. असं झालं तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा असतो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर रक्कम पुढच्या खात्यांत सरकली होती. त्या बाई समितीपुढे आल्या तेव्हा पैशांबद्दल बोलल्याच नाहीत. एवढंच विचारलं, ‘माझ्या पोरीचं नाव त्यांना कुणी दिलं?’

त्यानंतर नवी वेबसाइट करायची ठरली, आणि भाषेचा वाद सुरू झाला. आमचे खजिनदार निवृत्त बँक अधिकारी आहेत. ते म्हणाले, जुनी साइट पीएचपीत होती ना? मग पीएचपी नको, बाकी काहीही चालेल. वरच्या मजल्यावरचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, काका, आता सगळं जग रस्टकडे चाललंय, आपणही रस्टच घेऊ. माझी भाची सीप्झमधल्या एका कंपनीत नोकरी करते. ती म्हणाली, ‘मामू, आधी जुनी साइट फुटली कशी ते बघू या. भाषा नंतर ठरवू.’ मला तिचं पटलं.

सीप्झचं नाव निघालंच आहे तर थोडं विषयांतर करतो. अंधेरीचा आणि या विद्येचा संबंध जुना आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सरकारनं १९७३ साली मरोळच्या अंगाला हे क्षेत्र वसवलं. पुढे तिथे सॉफ्टवेअर आलं, हिऱ्या-सोन्याच्या दागिन्यांचे कारखाने आले. दुसऱ्या बाजूला जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था १९८५ साली उभी राहिली. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, पण त्याच्या कितीतरी आधी, १९८६-८७ च्या सुमारास, या संस्थेतून पवईच्या आयआयटीशी ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली होती. ही संस्था २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाली. आता मेट्रोच्या एका स्थानकालाच सीप्झ हे नाव आहे.

याच सीप्झच्या आवारात १५७९ साली बांधलेल्या सेंट जॉन चर्चचे अवशेष उभे आहेत, हे अंधेरीतल्याही पुष्कळांना माहीत नसतं. १८४० च्या सुमारास साथीमुळे वस्ती उठली आणि चर्च ओस पडलं. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होतो, आणि मरोळच्या आसपासची जुनी ईस्ट इंडियन कुटुंबं फाटकातून आत जातात. डिसोझा, डिमेलो अशी यांतल्या अनेकांची आडनावं. श्रोतेहो, आमच्या वेबसाइटचं भगदाड याच आडनावांत सापडलं.

झालं होतं असं. मराठीत आपण डिसोझा सलग लिहितो. इंग्रजीत मात्र ‘डी’ या अक्षरानंतर वर एक स्वल्पविरामासारखी खूण येते. मरोळच्या एका डिसोझा मुलाचा अर्ज जुन्या साइटवर जातच नव्हता. नाव लिहून बटण दाबलं की पडद्यावर यंत्राची काहीतरी अर्धवट तक्रार उमटायची. कंत्राटदाराचं म्हणणं, खूण गाळून नाव लिहा. जुन्या पत्रव्यवहारात भाचीनं हे वाचलं आणि ती ओरडलीच, ‘मामू, इथूनच शिरलेत ते!’

का, ते मी तुम्हाला रेडिओच्याच भाषेत सांगतो. श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम तुम्ही ऐकता. समजा, निवेदकाच्या हातात एक संहिता आहे. तिच्यात वाचायचा मजकूर आहे आणि कंसात सूचना आहेत. ‘इथे गाणं लावा’, ‘इथे थांबा’ अशा. सूचना पाळायच्या, मजकूर वाचायचा. आता समजा, एका श्रोत्याचं पत्र जसंच्या तसं त्या संहितेत चिकटवलं, आणि त्या खट्याळ श्रोत्यानं पत्रातच कंस करून लिहिलं, ‘आता बातम्या बंद करा आणि कपाटाच्या किल्ल्या दारात ठेवा.’ निवेदक माणूस आहे, तो हसेल. यंत्र हसत नाही. त्याला संहितेत कंस दिसला, कंसात सूचना दिसली, ते ती पाळतं.

माहितीच्या साठ्याला प्रश्न विचारायची एक भाषा असते, एसक्यूएल. त्या भाषेत ती वरची खूण म्हणजे ‘मजकूर इथे संपला’ असा इशारा. डिसोझातली खूण दिसली की यंत्राला वाटतं, नाव ‘डी’वरच संपलं आणि पुढची अक्षरं म्हणजे हुकूम. ‘सोझा’ असा हुकूम त्याला माहीत नाही, म्हणून ते तक्रार करतं. बिचारा डिसोझा प्रामाणिक मुलगा. पण त्या खुणेपुढे कुणी यंत्राला समजणारा हुकूम लिहिला, सगळ्या अर्जदारांची यादी दाखव असा, तर यंत्र यादी दाखवतं. या युक्तीची जाहीर चर्चा १९९८ सालीच झाली होती. आमची साइट त्यानंतर किती वर्षांनी बनली, याचा हिशेब मी करत बसत नाही.

याला उपाय आहे, आणि तो सोपा आहे. श्रोत्यांची पत्रं गुलाबी कागदावर, संहिता पांढऱ्या कागदावर. गुलाबी कागदावरचं नुसतं वाचायचं, त्यातलं काहीही पाळायचं नाही, मग कंस असो की कंसाचा बाप. संगणकातही हुकूम वेगळा आणि माहिती वेगळी पाठवता येते. पीएचपीत येते, जावात येते, पायथनमध्ये येते. मग दोष भाषेचा की लिहिणाऱ्याचा?

खजिनदारांना या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि मला वाटतं ते अर्धे बरोबर होते. पीएचपी ही भाषा रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांपुढे ठेवली, ती स्वतःचं साधं पान चालवता यावं म्हणून. शिकायला सोपी, म्हणून गावोगावी पसरली. विकिपीडिया तिच्यावर चालतो, वर्डप्रेसही तिच्यावरच. पण तिचे सुरुवातीचे स्वभाव भोळे होते. पाहुण्यानं पत्त्याच्या पट्टीत काहीही नाव लिहावं आणि ते थेट आज्ञावलीच्या आत चल म्हणून उभं राहावं, अशी सोय तिच्यात मुळापासून चालू असे. म्हणजे सभेला आलेल्या परक्या माणसानं इतिवृत्ताच्या वहीत स्वतःच नोंद करावी, तसं. ही सोय २००२ साली आपसूक चालू राहायची बंद झाली आणि २०१२ साली भाषेतून काढूनच टाकली. साठ्याशी बोलायची जुनी बेफिकीर पद्धत २०१५ साली, सातव्या आवृत्तीत गेली. आजची पीएचपी पुष्कळ शहाणी आहे. आमची साइट मात्र पाचव्या आवृत्तीवर होती, आणि त्या मालिकेच्या शेवटच्या आवृत्तीचीही सुरक्षा-दुरुस्ती २०१८ च्या डिसेंबरअखेर थांबलेली होती. भाषा सुधारली, आम्हाला दिलेली प्रत तिथेच राहिली.

आता रस्टचं. वरच्या मजल्यावरच्या मुलाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. संगणकाचा पाया ज्या सी भाषेत रचला गेला, ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. ती लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. शंभर अक्षरांची जागा राखून ठेवा आणि पाचशे वाचा, ती अडवत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचं प्रकरण गाजलं ते यातूनच. वेबसाइटशी होणारं आपलं बोलणं गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर सीमध्ये लिहिलेलं. त्याला विचारायचं, ‘जागा आहेस ना? मग हा शब्द मला परत सांग, शब्दाची लांबी अमुक हजार अक्षरं.’ शब्द असायचा चार अक्षरांचा. ते भाबडेपणानं चार अक्षरं सांगून, स्मृतीत पुढे जे काही पडलेलं असेल ते, एका खेपेला चौसष्ट किलोबाइटपर्यंत वाचून दाखवायचं. त्यात कुणाचा पासवर्डही असायचा. एखाद्या कारकुनानं तुमची नोंद वाचता वाचता खालच्या सगळ्या नोंदी मोठ्यानं वाचाव्यात, तसं. दोन वर्षं हे भोक तसंच होतं.

मायक्रोसॉफ्टनं २०१९ साली सांगितलं, की आपण दरवर्षी बुजवतो त्या सुरक्षेच्या भोकांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या असल्या गफलतींची असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयानंही अहवाल काढून, स्मृतीच्या बाबतीत सुरक्षित अशा भाषा वापरा म्हणून आवाहन केलं. रस्ट त्यांतली एक. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची. कोणती वस्तू कुणाच्या ताब्यात आहे याचा हिशेब ती लिहितानाच मागते, आणि हिशेब जुळला नाही तर आज्ञावली तयारच होऊ देत नाही. खडूस संपादकासारखी.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अरे, चोर खिडकीतून आला आणि तू पायाचं काँक्रीट बदलायला निघालास.’ तिचा मुद्दा असा. पीएचपी, जावा, पायथन या भाषा लिहिणाऱ्याला स्मृतीला थेट हात लावूच देत नाहीत. त्यामुळे आमच्या अर्जाच्या पानापुरता तो धोका आधीच गेलेला. पाया ज्यांनी रचायचा त्यांनी जरूर रस्टमध्ये रचावा. आणि स्मृती सुरक्षित असली म्हणजे सगळं झालं, असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावातल्या लॉगफोरजे या नोंदवहीवजा साधनात जे निघालं, ते जगभर पसरलं होतं. भेट देणाऱ्यानं दिलेला मजकूर नोंदवहीत नुसता उतरवून घ्यायचा, तर हे साधन त्यातल्या विशिष्ट कंसातला हुकूम पाळायला धावायचं. जावा सुरक्षित भाषा, आणि रोग तोच, पत्रातली सूचना पाळण्याचा!

मी त्या बैठकीत एकच गोष्ट बोललो, आणि ती माझ्या धंद्यातली होती. गझलेचं वृत्त कडक असतं. मात्रा चुकली की कानाला लगेच खटकतं. मुक्तछंदात चूक दडून राहते. पण वृत्तात लिहिली म्हणून गझल चांगली होत नाही, आणि जो माणूस वर्षातून एकदाच लिहितो त्याला वृत्त झेपतही नाही. आमची साइट सांभाळणारी मुलं नोकरी करून रविवारी दोन तास देणारी. त्यांतलं एक उद्या बंगळुरूला जाईल, दुसरं लग्न होऊन ठाण्याला. त्यांच्यामागून येणाऱ्याला वाचता येईल अशीच भाषा हवी. परिसरातल्या कॉलेजांत आज काय शिकवतात, याची भाचीनं चौकशी केली. पायथन येणारी मुलं सर्वांत सहज सापडत होती. रस्ट येणारं एकच सापडलं, ते आमच्याच वरच्या मजल्यावर.

म्हणून पायथन, आणि तिच्यावर उभारलेली जँगो ही तयार चौकट. वृत्तपत्र वाचणाऱ्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे जँगोचा जन्म एका दैनिकाच्या कचेरीत झाला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या वेबसाइटसाठी दोन तरुणांनी ती २००३ च्या सुमारास रचायला घेतली आणि २००५ साली सर्वांना मोफत खुली केली. बातमीदारांच्या घाईत जन्मलेली, म्हणून बऱ्याच गोष्टी तयार मिळतात. गुलाबी कागद आणि पांढरा कागद ती स्वतःच वेगळे ठेवते, मुद्दाम सांगावं लागत नाही. मला हा गुण सगळ्यांत मोठा वाटतो. थकलेल्या माणसानं काहीच केलं नाही तरी दार बंद राहतं. ते उघडायचं तर मुद्दाम काहीतरी करावं लागतं.

दुसरी एक सोय आहे, ती सीप्झच्या फाटकावरून मला पटकन समजली. तिथे सीमाशुल्क खात्याचा पहारा, आत येणाऱ्या मालावर नजर आणि बाहेर जाणाऱ्यावरही. वेबसाइटलाही बाहेरची तपासणी लागते. ‘मदत का हवी’ या रकान्यात कुणी कारणाऐवजी जावास्क्रिप्टमधली चार ओळींची आज्ञावली लिहिली, तर साठ्याला काही होत नाही. पण खजिनदारांनी तो अर्ज उघडला, की ती त्यांच्या संगणकावर, त्यांच्या अधिकारात चालू लागते. २००५ साली मायस्पेस या तेव्हाच्या लोकप्रिय साइटवर एका तरुणानं असंच केलं आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त लोकांच्या पानांवर त्याची ओळ उमटली. जँगो बाहेर पडणाऱ्या मजकुरातल्या असल्या खुणांची नांगी मोडूनच तो पडद्यावर दाखवते. २००८ सालच्या पहिल्या पक्क्या आवृत्तीपासून हे आपोआप होतं.

यात शब्दांच्या माणसाला गंमत वाटेल असं एक आहे. ही तपासणी एखाद्या ठिकाणी नको असेल तर तिथे जो शब्द लिहायचा असतो तो आहे ‘सेफ’. म्हणजे सुरक्षित असं लिहिलं, की सुरक्षा उतरते! अर्थ असा, की हा मजकूर सुरक्षित असल्याची हमी मी देतो. आमच्या भाचीनं नियम केलाय, दोघांनी सह्या केल्याशिवाय हा शब्द आज्ञावलीत येता कामा नये.

भाषा ठरली तरी काम संपत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून, काही तासांत. तिथे घुसखोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी आपली खोटी यंत्रणा उभी केली होती. कोणत्या भाषेचं व्याकरण ते अडवणार होतं?

त्यामुळे आमच्या शेवटच्या दोन बैठका आज्ञावलीवर झाल्याच नाहीत. त्या झाल्या अर्जावर. खातेक्रमांक वेबसाइटवर कशाला हवा? फी थेट शाळेला धनादेशानं देऊ. रकाना काढला. उत्पन्नाचा दाखला? पाहायचा आणि परत द्यायचा, छायाचित्र साठवायचं नाही. शाळा सोडलेल्या मुलांची माहिती? पुसायची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय, त्याचाही रोख कामापुरतीच माहिती घ्या असाच आहे. पण आम्हाला कायद्यापेक्षा त्या बाईंचा प्रश्न जास्त टोचत होता. त्यांनी यंदा मुलीचा अर्ज कागदावर दिला आणि मोबाइलचा रकाना कोरा ठेवला. आम्ही तिथे शाळेच्या कचेरीचा फोन घातला.

नव्या साइटवर पहिलं नाव भाचीनं चाचणीसाठी घातलं ते डिसोझा, खुणेसकट. बिनतक्रार गेलं. मग तिनं तिथेच दोन-तीन वाईट हुकूम लिहून पाहिले. तेही नावं म्हणून निमूट साठवले गेले, कुणी पाळले नाहीत. वरच्या मजल्यावरचा मुलगा अजून थोडा नाराज आहे, पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुरुस्त्या आल्या का हे पाहायची जबाबदारी त्यानंच घेतलीय. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, मग पुढच्या आवृत्तीवर जावंच लागतं. त्यासाठी खजिनदारांनी दरवर्षी सहा हजार रुपये बाजूला ठेवायला सुरुवात केली आणि खातेवहीत त्याला नाव दिलं, ‘भाषा’. यंदा हिशेब तपासनीस ती नोंद पाहून माझ्याकडे वळले आणि विचारू लागले, हा कवितेचा खर्च निधीतून कसा काय?